गल्फ, लॅब्राडोर आणि मधले मासे

निवृत्त झाल्यावर डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर सोडून आम्ही नवरा-बायको बाळकुमला राहायला आलो. घर मुलाने बघितलं होतं, तेही फोनवरून. पत्ता लिहून घ्यायला बसले तर तो म्हणाला, "लिही आई. लॅब्राडोर टॉवर, चौदावा मजला."

मी पेन खाली ठेवलं. "शेजारच्या टॉवरचं नाव गल्फ आहे का रे?"

"हो! तुला कसं कळलं?"

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दर वर्षी एक प्रश्न ठरलेला: भौगोलिक कारणे द्या, न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ मासेमारीचा व्यवसाय भरभराटीला आला आहे. दक्षिणेकडून गल्फचा उष्ण प्रवाह येतो, उत्तरेकडून लॅब्राडोरचा थंड प्रवाह येतो, दोन्ही तिथे भिडतात. दाट धुकं पडतं. खालचं सत्त्व वर येतं, त्यावर प्लवंग वाढतं, प्लवंग खायला मासे येतात. तीन गुण. हे उत्तर मी इतक्या वेळा तपासलं होतं, की झोपेत कोणी हलवलं असतं तरी लाल शाईने खूण करून परत झोपले असते. आता म्हातारपणी त्या उत्तरातच राहायला जायचं होतं.

बिल्डरच्या डोक्यात समुद्र होता. गेटवर लाटा, लिफ्टमध्ये शंखशिंपल्यांची चित्रं, गच्चीवर दीपस्तंभ. दोन्ही टॉवरांची नावं त्याला कोणी सुचवली कोण जाणे, पण ज्याने सुचवली तो भूगोलात पास झालेला होता. राहणाऱ्यांचं तसं नव्हतं. लॅब्राडोर म्हणजे कुत्रा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. रिक्षावाले आमच्या टॉवरला सरळ 'कुत्तेवाली बिल्डिंग' म्हणत. सोसायटीने शेवटी हार मानून दारात प्लास्टरचा एक पिवळा कुत्रा बसवला होता आणि येता-जाता कोणीतरी त्याला कुंकू लावत असे.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं, "लॅब्राडोर हा कुत्रा नाही. तो समुद्रातला थंड प्रवाह आहे."

आमच्या सेक्रेटरीबाई योगाचे वर्ग घेत. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे गल्फवाले गरम आणि आपण थंड?"

"हो."

"मग कुत्राच बरा," मागून कोणीतरी म्हणालं.

कुत्रा राहिला. पण त्या दिवसापासून समुद्राची कसलीही भानगड निघाली की ती माझ्याकडे यायला लागली. आणि भानगड निघायला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडे खराच समुद्र होता.

दोन टॉवरांच्या मधे एक लांब लॉबी आहे. त्या लॉबीच्या भिंतीला चार माणसं आडवी झोपतील एवढी लांब काचेची टाकी. आत खारं पाणी, खोटी पोवळी आणि समुद्रातले खरे बावीस मासे. नारिंगी पट्ट्यांचे होते, पिवळे चपटे होते, आणि एक चांगला ताटाएवढा काळसर मासा होता. तो कोणाकडे बघायचा नाही. आमची आणि गल्फची सोसायटी वेगवेगळी नोंदलेली. हद्द म्हणून लॉबीच्या फरशीत पितळेची एक पट्टी. टाकी या पट्टीवरून आरपार गेलेली, म्हणून टाकीला दोन पंप: एक आमच्या मीटरवर, एक त्यांच्या. आमच्या पंपाला पाणी गार करायचं यंत्र जोडलेलं होतं. त्यांचं यंत्र बिघडलं होतं, आणि त्यांच्या बाजूला पश्चिमेची मोठी काच, त्यामुळे दुपारभर ऊन. एका टोकाने गार पाणी ढकललं जायचं, दुसऱ्या टोकाने कोमट. दोन्ही येऊन भिडायची बरोबर पितळेच्या पट्टीच्या डोक्यावर.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातात भाजीची पिशवी होती. ती तशीच धरून मी बराच वेळ उभी राहिले. बावीसच्या बावीस मासे मधे जमलेले. दोन्हीकडच्या पाण्याच्या रेट्याने तळाचा चुरा वर उसळत होता, खाण्याचे कण मधेच घोटाळत होते, आणि मासे तोंडं उघडत-मिटत तिथेच चरत होते. दोन्ही टोकं ओस. आमच्या बाजूची काच बाहेरून घामेजली होती. धुकंसुद्धा होतं! मी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, "खाली न्यू फाउंडलंड आहे."

तो म्हणाला, "मग येताना कोथिंबीर का नाही आणलीस?"

भांडणाला सुरुवात झाली ती एका पिवळ्या माशाच्या मृत्यूने. मासा मेला, वर तरंगला, आणि दोन्हीकडचे पंप त्याला ढकलत राहिल्यामुळे नेमका पट्टीच्या वर जाऊन थांबला. आमचा सफाईवाला म्हणाला, तो गल्फमध्ये आहे. गल्फचा सफाईवाला म्हणाला, शेपटी गल्फमध्ये आहे, डोकं लॅब्राडोरमध्ये. तो मासा तिथे दोन दिवस तरंगला. गल्फमध्ये कोर्टातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार राहत. त्यांनी आमच्या सोसायटीला पत्र लिहिलं: 'सदर मत्स्याचे शीर आपल्या हद्दीत असल्याने उचलण्याची जबाबदारी आपली आहे.' सेक्रेटरीबाईंनी उत्तर पाठवलं, की मासा मरण पावला तेव्हा कुठे होता हे आधी सिद्ध करावं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी घरून चहाची गाळणी आणली, स्टुलावर चढले आणि मासा काढून कुंडीत पुरला. संध्याकाळपर्यंत मला दोन नोटिसा आल्या. दोन्ही सोसायट्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. सामाईक मालमत्तेत विनापरवानगी हस्तक्षेप.

नवऱ्याने दोन्ही नोटिसा चष्मा लावून वाचल्या. "गल्फची भाषा चांगली आहे," म्हणाला.

पुढच्या रविवारी संयुक्त सभा बोलावली. शिरस्तेदारांचं म्हणणं असं, की मासे मधे जमतात म्हणून वाद होतो, तर ते मधे का जमतात याचा खुलासा भूगोलाच्या बाईंनी करावा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन बादल्या नेल्या, एक काचेचं पसरट भांडं नेलं, गरम पाण्यात कुंकू कालवलं आणि बर्फाच्या पाण्यात नीळ. भांड्यात दोन्ही एकदम ओतलं. निळं तळाशी गेलं, लाल वर सरकलं, मधे जांभळी गिरकी उठली. साठ-सत्तर माणसं माना पुढे काढून बघत होती. माझा आवाज आपोआप वर्गातला झाला.

"गार पाणी जड असतं, ते खाली जातं. दोन पाणी भिडतात तिथे ढवळाढवळ होते, तळाला साचलेलं अन्न वर येतं. समुद्रात त्यावर प्लवंग वाढतं. प्लवंग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तरंगणारे जीव. लहान मासे ते खातात, मोठे मासे लहानांना खातात, आणि मोठ्यांच्या मागून देवमासे आणि माणसं येतात. जगातले मासेमारीचे मोठमोठे पट्टे अशा ठिकाणी आहेत. आपले मासे भांडायला जमत नाहीत. वाद आपला आहे, त्यांचा नाही. काही शंका?"

एक हात वर आला. "हे प्रवाह थांबवता येतात का?"

"समुद्रातले?"

"नाही, आपले."

दुसरा हात. "मोठे लहानांना खातात म्हणालात. मग तो काळा मासा कमिटीने ठेवलाच कसा?"

तिसरे गृहस्थ उभे राहिले ते थेट ठराव घेऊनच. टाकीच्या मधोमध, पट्टीच्या वर, काचेचा पडदा बसवावा. लॅब्राडोरचे मासे लॅब्राडोरात, गल्फचे गल्फात. मी म्हणत होते, अहो, पडदा घातलात तर मधलं संपेल, आणि मधलं हेच सगळं आहे. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. माझंच जांभळं पाणी दाखवून कोणीतरी म्हणालं, "बघा, मिसळल्यावर दोन्ही रंग बिघडतात." ठराव पास झाला.

पडदा बसवायच्या दिवशी वाटणी झाली. मासे एकवीस राहिले होते. दहा-दहा झाले, काळा मासा उरला. तो पडद्याच्या खाचेतच उभा. कारागीर पडदा हातात धरून थांबला, दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या टोकाला काचेवर टकटक करून त्याला बोलावलं. सेक्रेटरीबाईंनी तर त्याला 'ये ये' म्हणून हाक मारली. दीड तासाने तो शांतपणे गल्फमध्ये गेला. शिरस्तेदारांनी तेवढ्यात वेळ टिपून घेतली.

महिनाभरात गल्फची बाजू हिरवी झाली. उन्हाने शेवाळ इतकं माजलं की मासे दिसेनात. आमची बाजू लख्ख, पण पाणी असं निष्प्राण की मासे पोवळ्यांखाली दडून बसायचे. खायला टाकलेलं तळाला जाऊन कुजायचं. दिवसातून काही वेळ मात्र दोन्हीकडचे मासे पडद्याला तोंड लावून उभे राहत. लोक म्हणायचे, एकमेकांना बघतात. मला वाटायचं, पंगत कुठे गेली ते बघतात.

आमच्या या समुद्रात मासे विकायला मात्र बंदी होती. वास येतो म्हणून. त्यामुळे बाळकुम गावातली एक मच्छीवाली मागच्या गेटाबाहेर टोपली घेऊन बसायची, आणि लॅब्राडोर आणि गल्फ दोन्हीकडची माणसं पिशवी पदराआड धरून तिच्याकडे जायची. मी उघड जायचे. ती माझ्याच वयाची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला 'बाय' म्हणायची आणि अरेतुरे करायची, जसं त्यांच्याकडे सगळ्यांनाच करतात. एक दिवस मांदेली निवडता निवडता मी तिला टाकीची सगळी हकिगत सांगितली.

"दाखव," ती उठलीच.

गेटवर रखवालदाराने अडवलं. मासे आत न्यायचे नाहीत. टोपली त्याच्यापाशी ठेवली. मग फोनमधल्या ॲपवर भेटीचं कारण लिहायचं होतं. रखवालदाराने विचारलं, "क्या लिखूं?"

"मासे बघायला," मी म्हणाले.

त्याने बाहेरच्या टोपलीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि लिहिलं.

मावशी टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. मग पडद्यापाशी येऊन थांबली.

"मच्छीला भिंत घातलीव तुमी?"

"सोसायटीने घातली. मधे जमून भांडतात असं लोकांना वाटत होतं."

"भांडतान कुठं? जेवाला बसली व्हती ती. दोन पानी भिडतान तिथं खाणं वर येतं. आमच्या खाडीत पन तसाच हाय. नदीचं पानी खाली येतं, भरतीचं पानी वर येतं, तिथं रेघ पडते. रेघंला जालं टाकतान." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बगितलीस का रेघ?"

"नाही."

"पोरांना किती वर्सं शिकवलंस?"

"एकतीस."

"नि खाडीत हात नाय घातलास?"

न्यू फाउंडलंडचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकत होते. घरापासून खाडी चालत पंधरा मिनिटांवर होती, आणि ती मी फक्त पुलावरून, रिक्षात बसून, नाकाला रुमाल लावून बघितली होती.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. मावशी म्हणाली, आता उधाण आहे, भरतीला जोर असतो, पुढे अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती लागेल, मग पाण्यात दम राहत नाही. "उद्या ये. धा वाजता. दीर होडी काढनार हाय."

नवरा म्हणाला, "पोहता येतं का तुला?"

"नाही."

"मग छत्री घेऊन जा." त्याचा काय हिशेब होता ते मला अजून कळलेलं नाही.

मावशीचा दीर साठीचा, अंगाने काटकुळा. तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. होडीला यंत्र होतं, ते त्याने थोड्या वेळाने बंद केलं आणि वल्हं घेतलं. दोन्हीकडे तिवरांची दाट झाडी, तिच्या डोक्यावरून नवे टॉवर वर आलेले, आणि त्यातले दोन आमचे. गच्चीवरचा दीपस्तंभ इतका खोटा दिसत होता की मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

"ती बग," मावशी म्हणाली.

आधी मला नुसता फेस दिसला. मग कळलं, की तो फेस सरळ रेषेत आहे. खाडीच्या या काठापासून त्या काठाच्या दिशेने, जरा वाकडी, कोणीतरी खडूने ओढल्यासारखी रेघ. अलीकडे पाणी तांबूस, गढूळ. पलीकडे राखाडी-हिरवं. रेघेवर काय नव्हतं! निर्माल्य, थर्माकोलचे तुकडे, पौर्णिमेचे नारळ, एका पायाची निळी चप्पल, प्लास्टिकची एक खुर्ची उलटी होऊन चार पाय वर करून चाललेली. त्या सगळ्याखालून पाणी खदखदल्यासारखं वर येत होतं. आणि मासे. बोई, म्हणजे खाडीतला रुपेरी मासा, सपासप उड्या मारत होती. बगळे खुर्चीच्या पायांवर पाळी लावून बसले होते, एक उडाला की दुसरा.

"तांबडं पानी मोहने गावावरनं येतं," मावशी सांगत होती. "कल्यान, मग तुजी डोंबिवली, मग इकरं. तुज्या घराच्या मागचंच पानी हाय ते."

डोंबिवलीला माझ्या शाळेच्या गच्चीवरून नदी दिसायची. पाठ शिकवताना मुलांना मी कायम भिंतीवरचा नकाशा दाखवला, त्यांची तोंडं कधी खिडकीकडे वळवली नाहीत. हे मला तिथे होडीत बसल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं. मुलांचं वाईट वाटलं.

मी बाह्या वर केल्या आणि अलीकडच्या पाण्यात डावा हात घातला. मग होडी फेस ओलांडून गेली तसा उजवा पलीकडे घातला. पाणी वेगळं होतं. अलीकडचं गार, पलीकडचं कोमट. कातडीला कळत होतं. माझ्या तोंडून 'अगं बाई!' असं निघालं आणि मग मी एक मूर्खपणा केला. दोन्ही हातांचं एकेक बोट जिभेला लावून बघितलं. एक अळणी, एक खारट.

"अगो, पितेस काय!" मावशी ओरडली. "त्यात काय काय असतं!"

दीर पहिल्यांदाच हसला. त्याने जाळं फेकलं, ओढलं. फेसाखालून काढलेल्या जाळ्यात बोई होती, कोळंबी होती, बोटभर चिंबोऱ्या होत्या आणि शाम्पूची एक बाटली. थोडं पुढे जाऊन त्याने नुसत्या गढूळ पाण्यात जाळं टाकून दाखवलं. रिकामं. मला समजावं म्हणून त्याने एक खेप वाया घालवली होती. तोंडाने एक शब्द न बोलता इतका चांगला पाठ घेणारा माणूस मी शिक्षकांच्या खोलीत कधी बघितला नाही.

"पयलं रेघ एका जागी सापडायची," मावशी म्हणाली. "आता भराव झाले, पूल झाले. कवा इथं, कवा तिथं. शोधाला लागते. पन पडते."

दोन बोटांच्या चवीचा परिणाम म्हणून मी पुढचे तीन दिवस अंथरुणात काढले. नवऱ्याने मऊ भात करून घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "खाडी चाखून आली आहे." मी पडल्या पडल्या पडदा काढण्याबद्दल दोन्ही सोसायट्यांना अर्ज लिहिला. आमच्या कमिटीने तो गल्फकडे पाठवला, गल्फने आमच्याकडे.

तो अर्ज हिंडत असतानाच एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात वीज गेली. कोणाच्या तरी फावड्याखाली मोठी केबल सापडली होती. आमचा जनरेटर लिफ्ट आणि दिव्यांपुरता. टाकीचे पंप त्यावर नव्हते. मी खाली आले तेव्हा गल्फच्या हिरव्या पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काळा मासा तर जवळजवळ उभा झाला होता. शिरस्तेदार बनियनवर लॉबीत येऊन टाकीवाल्याशी फोनवर बोलत होते.

"तो म्हणतो, पाणी हलतं ठेवा. हवा मिसळली पाहिजे, नाहीतर सगळे जातील." त्या माणसाने आजवर माशांबद्दल फक्त पत्रं लिहिली होती. "बाई, आमचेच का असे करतायत? तुमचे ठीक आहेत."

"कोमट पाण्यात हवा कमी मावते. आमचं गार आहे, त्यात अजून शिल्लक आहे. पडदा काढा आणि आमचं पाणी तुमच्याकडे येऊ द्या."

तोवर सेक्रेटरीबाई आल्या होत्या, आणखी माणसं जमली होती. सगळ्यांनी शिरस्तेदारांकडे बघितलं. ते सवयीने ताठ झाले. "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून," त्यांनी सुरुवात केली, "आम्ही सदर पडदा..." एवढ्यात एक नारिंगी मासा कुशीवर कलंडला, आणि शिरस्तेदारांनी वाक्य टाकून दिलं. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच पडदा धरला. दुसरीकडून सेक्रेटरीबाईंनी धरला. शेवाळाने घट्ट बसलेला तो पडदा दोघांनी हिसके देत वर काढला. दोघंही खांद्यापर्यंत भिजली.

पण नुसता पडदा काढून प्रवाह येत नाही. रेटा लागतो. मी म्हणाले, "घरातलं जे मिळेल ते आणा. लॅब्राडोरने त्या टोकाला उभं राहून वरून पाणी मधे ढकलायचं. गल्फने या टोकाला तेच. भांडी साबणाची नकोत!"

पाच मिनिटांत चाळीसेक माणसं जमली. परात, डाव, बॅडमिंटनच्या रॅकेटी, पोळपाट. एक आजोबा इस्त्रीचं टेबल घेऊन आले होते, त्यांना परत पाठवलं. टेबलं, खुर्च्या लावून माणसं दोन्ही टोकांना चढली आणि ढकलायला लागली. सुरुवातीला नुसतं पाणी अंगावर उडत होतं.

"एकदम नको!" मी ओरडत होते. "ताल धरा. गल्फ, दमाने! लॅब्राडोर, जोर लावा, तुम्ही जड पाणी आहात!"

"म्हणजे काय?" कोणीतरी दुखावून विचारलं.

"खालून ढकला म्हणजे!"

हळूहळू जमलं. हिरवं पाणी आणि लख्ख पाणी मधे येऊन भिडलं आणि पट्टीच्या वर ढवळायला लागलं. तळाचा सगळा साठा उसळला. पहिल्यांदा काळा मासा मधे आला. मग एकेक करून दोन्हीकडचे. कोणता कोणाचा हे आता कोणालाच सांगता आलं नसतं आणि कोणी विचारलंही नाही. हात दुखले की माणसं बदलायची. मच्छीवाली मावशी गोंगाट ऐकून मागच्या गेटातून सरळ आत आली, टोपलीसकट, आणि रखवालदार स्वतःच रॅकेट मारत असल्यामुळे तिला कोणी अडवलं नाही. तिने आमच्या कामाकडे थोडा वेळ बघितलं.

"एवढी मानसं," ती म्हणाली, "आनि एवढीशी मच्छी."

मग पदर खोचून गल्फच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

साडेतीन तासांनी वीज आली. पंप घरघरले. आम्ही थांबलो, पण वर कोणी गेलं नाही. ओल्या कपड्यांनी सगळे टाकीसमोर फरशीवर बसले. कोणीतरी चहा आणला. दोन मासे आम्ही वाचवू शकलो नाही. एकोणीस मधे चरत होते. शिरस्तेदार माझ्या शेजारी बसले होते, बशीत चहा ओतून पीत होते. म्हणाले, "बाई, प्लवंग म्हणजे नक्की काय हो? त्या दिवशी मी नीट ऐकलं नव्हतं." मी परत सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकही हरकत घेतली नाही.

पडदा गच्चीवर पडून आहे. तो परत बसवायचा की नाही, हा विषय सभेच्या पत्रिकेवर दर वेळी असतो आणि वेळेअभावी पुढे जातो.

मला मात्र दुसऱ्या दिवशी उजवा हात वर करता येईना. नौपाड्यात एक जुने डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी खांदा दाबून बघितला आणि विचारलं, "काय केलंत?"

"सागरी प्रवाह तयार करत होते. उष्ण आणि शीत, दोन्ही."

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने गंभीरपणे मान डोलावली. "ही शीत होती," तो म्हणाला. "आम्ही लॅब्राडोरचे."

डॉक्टरांनी पेन उचललं. कागदावर लिहिलं, 'घरकामाचा अतिरेक', आणि आठ दिवस शेक घ्यायला सांगितलं.